पाठीवर न उमटलेलं

भूपालच्या पाठीवर त्या सकाळी उमटलं ते एवढंच:

*मालक आले. खारीपाशी थांबले. हाताबद्दल बोलतात. ठीक.*

भूपालने अंदाजाने तोंड वळवलं, पिठाने माखलेले हात जोडले आणि मनापासून हसला.

"बघा! बघा ताई, हसतोय!" रझाकभाई बागवान हेमाकडे वळले. "मी हितं बोंबलून बोंबलून घसा कोरडा करतोय आन ह्यो दात काढतोय. आता तुम्हीच सांगा मी काय करू ते."

हेमा आवटी काय सांगणार? तिला बोलावलंच होतं भूपालला घेऊन जायला. 'तुमचा माणूस येऊन घेऊन जावा,' एवढं एक वाक्य फोनवर बोलून रझाकभाईंनी फोन ठेवला होता.

सांगलीच्या मार्केट यार्डामागची ही बेकरी. भूपाल चौगुले इथे खारीच्या टेबलावर होता. जन्मापासून ऐकू न येणारा; विशीनंतर नजरही बाजूंनी आत आत सरकत गेली. आधी नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, मग नळीही बुजली. तो खुणांनी बोलतो, आणि समोरच्याच्या हातांवर आपले हात ठेवून त्याच्या खुणा वाचतो. हेमा 'संधी' संस्थेत रोजगार सोबती. दिव्यांग माणसाला काम मिळवून देणं हा तिच्या नोकरीचा अर्धा भाग. माणूस कामात रुजेपर्यंत शेजारी उभं राहायचं आणि मग त्याला कळू न देता हळूहळू मागे सरकायचं, हा उरलेला अर्धा. भूपालच्या बाबतीत ती पूर्ण मागे सरकली होती. तिची जागा पाठराखणीने घेतली होती.

नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. भूपालच्या अंगातल्या या यंत्राच्या बंडीला ते नाव हेमानेच सुचवलं होतं, आणि ते सगळ्यांना फार आवडलं होतं.

"रझाकभाई," ती म्हणाली, "मघाशी बोललात ते परत बोला. तसंच. त्याच आवाजात."

"परत?"

"परत."

तिने फोन उघडला. पाठराखीण भूपालच्या पाठीवर काय उमटवते ते सोबत्याच्या फोनवर अक्षरांत दिसायचं. भूपालने त्याला कधीच हो म्हटलं होतं. तिनेच आजवर ते कधी उघडून बघितलं नव्हतं.

बोललं गेलं, रझाकभाईंकडून:
"आरं बाबा, हात हलका ठेव म्हणून कितींदा सांगायचं? नवं मार्गारीन मऊ हाय. तू दाबलंस की वितळतंय, पदर सुटत न्हाईत. खारी न्हवं, बिस्कुट झालंय! ह्या आठवड्यात जमलं तर जमलं, न्हाईतर सोमवारी दुसरा माणूस येतोय."

उमटलं:
*मालक. हात. मार्गारीन. ठीक.*

बोललं गेलं, भट्टीवरच्या संभाकडून, कुणी न विचारता:
"कुणाला सांगताय मालक? भिताडाला सांगा, पाझर तरी फुटंल. अंड्याला शिवत न्हाई, कुणाचं ऐकत न्हाई. देवळातली मूर्ती आणून बशिवलीया नुसती."

उमटलं:
*संभा हसतोय.*

हेमाने ती ओळ पुन्हा वाचली.

संभा हसत होता, हे खरंच होतं. खोटं काहीच उमटलं नव्हतं. पण ही ओळ तिच्या ओळखीची होती. आपलीच साडी दुसऱ्या बाईच्या अंगावर दिसावी तशी.

—

आता ही पाठराखीण कशी चालते ते.

कानाचा रस्ता म्हणजे हमरस्ता. बोलणं, हसणं, भांडी, भट्टी, रस्त्यावरचा हॉर्न, सगळी वाहनं एकदम जातात आणि आत मेंदू त्यांना वाट करून देतो. पाठीच्या कातडीचा रस्ता म्हणजे शेतातली पाणंद. तिच्यातून ट्रक जात नाही. बंडीच्या आतल्या बाजूला बारीक थरथरणारे ठिपके असतात. ते पाठीवर रेघा ओढतात, टिचक्या देतात, गोल फिरवतात. डाव्या खांद्याकडून आलं तर मालक, कमरेकडून आलं तर संभा. सरावाने माणूस ते भाषेसारखं वाचतो. पण कितीही सराव केला तरी पाणंद ती पाणंदच. भरलेला ट्रक तिच्या तोंडाशी उभा राहतो, आणि कुणीतरी ठरवावं लागतं, यातलं कुठलं पोतं आत न्यायचं आणि कुठलं तिथेच टाकायचं.

छातीवरच्या बटणातले कान आणि डोळा हे यंत्राचे. निवड मात्र यंत्राला येत नव्हती. ती शिकवायला माणसाचे हात लागले. हेमाचे.

पहिलं वर्षभर ती या बेकरीत भूपालशेजारी उभी होती, हातात पातळ हातमोजे घालून. प्रत्येक बोटाची प्रत्येक हालचाल टिपणारे हातमोजे. आसपास काय बोललं गेलं तेही टिपलं जायचं. आधी इथे, मग दुसऱ्या कारखान्यांत, दुसऱ्या माणसांबरोबर. एका बाजूला खोलीतलं सगळं बोलणं, दुसऱ्या बाजूला हेमाच्या बोटांतून गेलेलं थोडंसं. यंत्राने दोन्ही समोरासमोर ठेवली आणि मधला नियम शोधून काढला. नियम कुणी सांगितला नव्हता. हेमालाही तो कधी शब्दांत सांगता आला नसता.

तो तिच्या हातात फार पूर्वीपासून होता. तिचे आईवडील दोघेही कर्णबधिर. हेमा बोलायला लागली ती दुभाषी म्हणूनच.

बोललं गेलं, जिन्यातल्या शेजारणीकडून: "मुक्यांच्या पोटी पोपट जन्मला म्हणायचा!"
हेमाने आईला सांगितलं: काकू म्हणतात, मी छान बोलते.

आई खूष. शेजारीण खूष. मधे उभ्या असलेल्या पोरीने गिळलेलं कुणाला दिसत नाही, आणि गिळून गिळून सवय होते. मोठेपणी त्या सवयीला कौशल्य म्हणतात. त्या कौशल्यासाठीच तिला निवडलं होतं.

—

"ताई, यात बिघाड नाही," श्रीरंग पडद्यावरून म्हणाला. पाठराखीण ज्या कंपनीने बनवली तिथला हा तरुण इंजिनियर. हेमाच्या हातमोज्यांचा सगळा हिशोब त्याच्याकडे. ती बेकरीच्या मागच्या दाराशी, मैद्याच्या पोत्यांवर बसून बोलत होती. "उलट अचूकता इतकी चांगली आहे की... थांबा, दाखवतोच."

त्याने जुनं चित्रीकरण लावलं. हेच टेबल, हेच रझाकभाई, तावातावाने हात नाचवणारे. आणि राखाडी हातमोज्यांतले दोन हात भूपालच्या तळव्यांखाली, शांत. *मालक. हात. ठीक.*

"बघितलंत? रागाचा सूर आला की तुम्ही अख्खं वाक्य बाजूला ठेवता. फक्त विषय सांगता. शंभरातल्या जवळजवळ शंभर वेळा. यंत्र तेच शिकलं."

"अरे, पण मी नंतर सांगायचे त्याला! त्याच दिवशी! रागाचं साल काढून आतला गर द्यायचे. आजपासून हात हलका ठेवू या, असं. एक सूचना माझ्याकडून राहिलेली नाही, श्रीरंग."

"कधी सांगायचात?"

"चहाच्या सुट्टीत."

"ते आमच्याकडे नाहीये कुठेच."

"कसं नाहीये? मी रोज, चहाला बसलो की हातमोजे काढून—"

ती थांबली.

हातमोजे काढून. चहा सांडला तर बिघडतील म्हणून. नीट घडी घालून पिशवीत ठेवून. मग मोकळ्या हातांनी, बाकावर, भूपालच्या तळव्यांखाली.

यंत्राने तिचा अर्धाच चांगुलपणा बघितला होता. गिळणं बघितलं, नंतर ते चावून, मऊ करून भरवणं बघितलंच नाही.

"ताई? आहात ना?"

"असे किती जण वापरतात आता?"

"सांगली-कोल्हापूर सोडा, राज्यभर. शेजारच्या राज्यांतही सुरू झालंय." मग त्याचा आवाज थोडा खाली आला. "ताई, एक सांगू? पूर्वी यातले निम्मे लोक वर्षाच्या आत काम सोडायचे. टोमणे, हिणवणं, कुणी डब्याला शेजारी बसत नाही. आता सोडत नाहीत. म्हणून तर पुरस्कार मिळाला आपल्याला. तुम्हीच स्टेजवर बोललात ना, भूपाल चौगुलेंनी हॉस्पिटलमधली कायमची नोकरी नाकारली, इथे माझी माणसं आहेत म्हणाले, वगैरे. लोक रडले होते ताई."

रडले होते. तीही रडली होती, पदराने डोळे टिपून, छान दिसेल अशी.

"काही न गाळता सगळं जाऊ दे, अशी सोय आहे?"

"आहे. चाचणीसाठी ठेवली होती. राग, शिवी, सगळं. थोडं हळू येतं, पाणंद तुंबते. पण घालणाऱ्याला सांगून, त्याची संमती घेऊनच बदलायचं. नियम आहे."

"सांगते की," हेमा म्हणाली.

—

पोत्यांपासून खारीच्या टेबलापर्यंत चालत जाताना मनातल्या मनात तिने त्याला तीनदा सांगितलं.

भूपाल, यंत्रात थोडी अडचण होती. (यंत्रात नव्हती.)

भूपाल, माझ्या सवयीमुळे काही गोष्टी तुझ्यापर्यंत पोचल्या नसाव्यात. (नसाव्यात?)

भूपाल, तुला वाटतं तितकं इथे कुणाला तू आवडत नाहीस.

टेबल आलं. भूपालला तिच्या चालण्याची थरथर फरशीतून कळली. त्याने हसून हात पुढे केले. तिने तळव्यांखाली हात दिले आणि सांगितलं: सगळं ठीक. रझाकभाईंशी बोलले. येते उद्या-परवा.

आणि बाहेर आल्यावर, रिक्षा थांबवायच्या आधी, फोनवर ती न गाळण्याची सोय, 'अख्खं', चालू केली.

वाईट हेतू नव्हता. हिशोब सरळ होता: आता मालकांचं ऐकू येईल, हात हलका होईल, पदर सुटतील, नोकरी वाचेल, आणि मागचं कुणालाच काही सांगावं लागणार नाही. चांगल्या माणसांची पापं बहुतेक अशीच, सोयीची असतात.

—

उमटलं:

*संभा: आलं पार्सल.*

*मालक: दाबतोय बघा परत. बैल आहे का काय.*

*पॅकिंगवरची बाई: नको ग बाई, मी नाही बसत त्याच्याशेजारी, तोंडाकडं बघवत नाही जेवताना.*

*मालक: हात हलका! हात! कितींदा!*

*संभा: सोमवारी सुटतोय.*

*संभा हसतोय.*

हेमा फोनवर हे बघत होती, दुसऱ्या सकाळी, घरी, भाजी निवडताना. पहिल्या ओळीला भूपालने काय केलं असेल ते तिला दिसेना. फोन फक्त पाठीवरचं दाखवायचा, चेहरा नाही. दुपारपर्यंत तिने फोन उलटा करून ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रझाकभाईंचाच फोन आला. आवाज चिडका नव्हता. घाबरलेला होता.

"ताई, जरा या. पोरगं कायतरी भलतंच करायलंय."

—

भूपाल दिगंबर जैनांच्या घरातला. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी तो नवा सदरा घालून बेकरीत यायचा आणि एकेकाच्या पुढ्यात उभा राहून हात जोडायचा. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, पण शाळेत घोटून घेतलेले दोन शब्द तो कसेबसे उच्चारायचा: "उत्तम क्षमा." वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ कर. सगळे हसून हात जोडायचे. संभासुद्धा.

पण पर्युषण कधीच होऊन गेलं होतं.

हेमा आत आली तेव्हा भूपाल भट्टीसमोर उभा होता. नवा सदरा, त्यावर बंडी. हात जोडलेले. "उत्तम क्षमा," तो जाड, वेड्यावाकड्या आवाजात म्हणत होता. "उत्तम क्षमा."

"आरं, कशाची क्षमा?" संभा लांब पकडीने ट्रे धरून अवघडून उभा होता. "काय केलंयस तू मला? ओ ताई, सांगा की ह्याला. सकाळधरनं तिसऱ्यांदा आलाय. मालकाच्या पाया पडला. पॅकिंगमधी गेला तर ती वंदना रडायला लागली."

"तू काय म्हणालास त्याला?" हेमाने विचारलं.

"मी? रोजचंच! आपलं नेहमीची चेष्टा. त्याला कुठं कळतंय—" संभाची नजर भूपालच्या बंडीकडे गेली आणि तिथेच अडकली. "कळतंय व्हय?"

भूपालला तिच्या येण्याची चाहूल लागली. तो वळला, दोन पावलं टाकली, तिचे हात शोधले आणि आधी तिलाही हात जोडले. मग तिचे हात धरून तिला बाकावर नेलं, तोच चहाचा बाक, आणि हातांनी भराभर बोलू लागला.

"माझं काहीतरी चुकलंय. मोठं. परवापासून सगळे बदलले. एकजात सगळे, एका दिवसात. मी रात्रभर आठवत बसलो. कुणाच्या अंगावर पडलो का, कुणाच्या डब्याला हात लागला का. काही आठवत नाही. माणसं उगीच अशी होत नाहीत. तुला माहीत असेल. सांग. मी माफी मागतो, पण कशाची ते तरी कळू दे."

त्याने बोलणं थांबवून तळवे तिच्या हातांवर ठेवले. वाट बघत.



एरवी अशा वेळी तिच्या बोटांना काहीतरी मऊ सापडायचंच. आताही सापडत होतं. ईदच्या ऑर्डरीचा ताण आहे सगळ्यांना. माणसं थकली की बोलतात. ते तयार होतं, अगदी बोटांच्या टोकांशी. तिने बोटं मुठीत मिटली. मग उघडली.

"ते बदललेले नाहीत," ती म्हणाली. "ते असेच होते."

आणि तिने सांगितलं. पाणंद. हातमोजे. चहा. संभा हसतोय. मालक तीन महिने काय सांगत होते ते शब्दाला शब्द, त्याच रागात. हातांनी राग दाखवताना तिला स्वतःचीच बोटं परकी वाटत होती. आयुष्यात तिने कुणाला हातांनी ओरडून दाखवलं नव्हतं. सोमवारी येणारा दुसरा माणूस. आणि शेवटी, परवा रिक्षाआधी तिने न विचारता काय चालू केलं ते.

सगळं संपेपर्यंत भूपालचे तळवे तिच्या हातांवर होते.  मग त्याने हात काढून घेतले आणि हवेत बोलला, सावकाश.

"तू गाळतेस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हेमाने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"तुझा हात अडखळायचा. अगदी क्षणभर. अंगठा ताठ व्हायचा. मी समजायचो, इथे शिवी आहे. इथे मालक चिडलेत. चहाला तू सांगणार हेही ठाऊक होतं, आणि नाही सांगितलंस तर मी टोकून विचारायचो. आपलं चाललं होतं, ताई. तुझ्या हाताला खोटं बोलता येत नव्हतं." तो थांबला. "हे अडखळत नाही."

त्याने बंडीची चेन छातीपर्यंत खाली ओढली.

"एवढे दिवस एकदाही अडखळलं नाही. म्हणून मला वाटलं, खरंच जग निवळलं. मला सवयीची माणसं मिळाली. घरी दादाला म्हणालो, मला तिथे मान आहे. कायमची नोकरी नाकारली मी, हॉस्पिटलमधली. दादा चार दिवस बोलला नाही माझ्याशी. मी म्हणालो, तुला काय कळतं."

"भूपाल, चूक माझी—"

पण त्याचे हात तिच्या हातांवर नव्हते. ते त्याला पोचलंच नाही.

"मी ही घेतली का, माहीत आहे तुला? सगळे म्हणाले, हेमाताई असताना कशाला यंत्र. मी घेतली, कारण मला तू मधे नको होतीस. चांगली आहेस तू. पण जन्मभर माझ्या आणि माणसांच्या मधे कुणीतरी चांगलं बाई-माणूस उभं आहे. आधी आई, मग वहिनी, मग तू. एकदा तरी कुणी नसावं, म्हणून घेतली." त्याने बंडी अंगातून उतरवली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "आणि आत तूच निघालीस."

बंडी अजून थरथरत होती. कुणीतरी काहीतरी बोलत होतं आणि ते हेमाच्या मांडीवर उमटत होतं. तिला ती भाषा पाठीवर वाचता यायची नाही, मांडीवर तर नाहीच.

त्याने पुन्हा तिचे हात चाचपले. या वेळी ते घट्ट धरले.

"ही बंडी घालणाऱ्या बाकीच्यांना सांगणार आहेस?"

"हो."

"मऊ करून नको."

"नाही."

"आता मालक कुठे आहेत?"

—

रझाकभाई खारीच्या टेबलापाशी, पोटावर हात बांधून उभे होते. भूपाल टेबलाच्या कडेने हात सरकवत त्यांच्यापर्यंत गेला आणि त्याने थेट त्यांचं मनगट पकडलं.

"ओ! ओ ताई! काय म्हणतोय ह्यो?"

गेल्या वर्षभरात या बेकरीत भूपालला कुणी हात लावला नव्हता. पूर्वी लावायचे. हाताला धरून ट्रेपाशी न्यायचे, खांद्यावर थाप मारायचे. पाठराखीण आली आणि सगळे छातीवरच्या बटणाशी बोलायला लागले. सोयीचं होतं.

भूपालने मालकांचं मनगट टेबलावरच्या लाटलेल्या पिठावर नेऊन ठेवलं, त्यावर आपला हात ठेवला आणि थांबला.

"अहो, सांगा की ताई! काय पायजे त्याला?"

हेमाचे दोन्ही हात आपोआप वर आले होते. ती एक पाऊल पुढेही सरकली. भूपालला ते फरशीतून कळलं असावं. मान न वळवता त्याने मोकळा हात तिच्या दिशेने केला. खूण छोटी होती, लहान पोराला करतात तशी.

*तू बाहेर.*

ती बाहेर गेली. कारखान्यातून दुकानात यायला एक दार आहे, वरच्या अर्ध्या भागात काच असलेलं. ते तिने मागे ओढून घेतलं.

आतून रझाकभाईंचा आवाज आला. पिठावर काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज. मग दुसरा एक आवाज, जाड, वेडावाकडा, चढलेला. भूपालचा. या आवाजात "उत्तम क्षमा" नव्हती. शब्द कुठलेच नव्हते. हेमाने त्याला इतक्या वर्षांत भांडताना ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नसावं.

मग रझाकभाई: "आरं हलका म्हंजे असा! असा! बोट बघ माझं, आयला—"

मग पिठावर लाटणं फिरल्याचा आवाज. मग: "संभा! फ्रीजमधलं मार्गारीन काढ. गारच आण."

हे भूपालसाठी, की सोमवारच्या माणसासाठी, ते तिला कळलं नाही.

हातातला फोन वाजला. श्रीरंग.

"ताई, आमच्या मॅडमशी बोललो. सगळ्या वापरणाऱ्यांना संदेश पाठवायला तयार आहेत. मसुदा वाचतो. 'आपला अनुभव अधिक परिपूर्ण व्हावा यासाठी सेवेत सुधारणा—'"

"नाही."

"अं?"

"लिही: तुम्हाला बोललेलं आम्ही तुमच्यापासून गाळत होतो."

"ताई, असं कसं... लोक हादरतील. कामं सोडतील."

"सोडतील. काही जण भांडतील. खाली माझं नाव घाल."

"तुमचं कशाला?"

"कारण ते मी गाळलंय. आणि श्रीरंग, पत्ते दे मला. ज्यांना पाठीवर असलं वाचायचं नसेल त्यांच्याकडे मी जाते. हातांनी सांगते."

"सगळ्यांकडे?"

तिने फोन ठेवला. तिच्या एका आयुष्यात ते सगळे बसणार नव्हते, हे तिला कळत होतं. जे बसणार नव्हते त्यांच्या पाठींवर आत्ता, या मिनिटाला, कुठेतरी संभा हसत होता.

दाराची काच तिच्या डाव्या हाताला होती. मान वळवली असती तर भूपालचे हात दिसले असते. त्याची खूण तिने वीस हातांवरूनही वाचली असती. आत काय ठरलं, तो राहिला की सुटला, मालक काय म्हणाले, तो काय म्हणाला, सगळं तिथे काचेपलीकडे होतं, तिच्या मातृभाषेत.

ती काचेकडे पाठ करून उभी राहिली.

काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ टोस्ट घ्यायला आले होते. आतला आवाज पुन्हा चढला तसे ते दचकले.

"काय चाललंय हो आत?"

"बोलतायत दोघं," हेमा म्हणाली.

"काय बोलतायत?"

तिने तोंड उघडलं. आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार असायचं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.